परदेशात सासरी छळ होत असेल तर : व्हिसा, ग्रीन कार्ड आणि कायदेशीर मदतीबद्दल सोलापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून लग्न होऊन अमेरिका, इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जर्मनी किंवा आखातात गेलेल्या मुलींसाठी ही माहिती आहे, आणि इथे फोनकडे डोळे लावून बसलेल्या त्यांच्या आईवडिलांसाठीही. देश बदलला की कायदा बदलतो. पण एक क्रम सगळीकडे तोच राहतो : आधी वकील, मग सही, मग विमान. हा क्रम उलटला की हातातले हक्क निसटतात, आणि ते परत मिळवायला वर्षं जातात. याला अपवाद एकच. जिवाला धोका असेल तर कशाचीही वाट न पाहता आधी घराबाहेर पडा.

नवरा म्हणतो, "तुझा व्हिसा माझ्या हातात आहे, एक फोन केला की तुला परत पाठवतील." हे खरं आहे का?

नाही. कोणाला देशाबाहेर काढायचं हे तिथलं सरकार ठरवतं, नवरा नाही. तो तुमच्यासाठी केलेला अर्ज मागे घेऊ शकतो, व्हिसाची मुदत वाढवून घ्यायला नकार देऊ शकतो, घटस्फोट मागू शकतो. यानं अडचण होते, आणि म्हणूनच लवकर हालचाल करावी लागते. पण त्याच्या एका फोनवर तुम्हाला विमानात बसवत नाहीत.

उलट ही धमकीच तुमचा पुरावा आहे. अमेरिकी कायद्यात हद्दपारीची भीती घालून बायकोला दाबून ठेवणं हे क्रूरतेत मोडतं. त्यामुळे असा मेसेज आला तर रागाच्या भरात पुसून टाकू नका.

आज रात्रीच घर सोडावं लागलं तर काय करायचं?

आणीबाणीचा क्रमांक लावा : अमेरिका आणि कॅनडात ९११, इंग्लंडमध्ये ९९९, ऑस्ट्रेलियात ०००, जर्मनीत पोलिसांसाठी ११०. इंग्लंडमध्ये मोबाईलवरून ९९९ लावल्यावर बोलणं शक्य नसेल तर सूचना ऐकून ५५ दाबा, म्हणजे कॉल पोलिसांकडे जातो.

सोबत घ्यायचं ते असं : पासपोर्ट (जुना रद्द झालेलाही), व्हिसा किंवा ग्रीन कार्ड (अमेरिकेत कायमचं राहण्याचा परवाना), मुलांचे जन्मदाखले आणि पासपोर्ट, विवाह नोंदणी दाखला, बँकेचं कार्ड, औषधं, स्वतःचा फोन. पासपोर्ट त्यानं कपाटात कुलूपबंद केला असेल तर त्यासाठी थांबू नका, तो नवीन मिळतो. ज्यांना अजून थोडी सवड आहे त्यांनी सगळ्या कागदांचे फोटो काढून एका नव्या ईमेलवर पाठवून ठेवावेत. हा ईमेल घरच्या कॉम्प्युटरवर उघडू नये आणि त्याचा पासवर्ड नवऱ्याला माहीत असलेला नसावा. फोनमधलं लोकेशन शेअरिंग, फॅमिली अकाउंट आणि गाडीचं ॲप यांतून ठिकाण कळतं. ते तपासून घ्या.

अमेरिकेत राष्ट्रीय कौटुंबिक हिंसाचार हेल्पलाइन १-८००-७९९-७२३३ चोवीस तास चालू असते आणि दुभाषा मिळतो. इंग्लंडमध्ये ०८०८ २००० २४७, ऑस्ट्रेलियात १८०० ७३७ ७३२, जर्मनीत ११६ ०१६.

पोलीस आले, पण मला इंग्रजीत नीट सांगता येत नाही.

दुभाषा मागा. "मराठी इंटरप्रिटर" एवढे दोन शब्द पुरतात. फोनवरून दुभाषा जोडून देण्याची सोय पोलीस, रुग्णालय आणि कोर्ट तिन्हीकडे असते. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलत असाल तर तीच भाषा मागा. सोलापुरात अनेक पद्मशाली आणि लिंगायत घरांतल्या मुली मराठी शाळेत शिकलेल्या असतात, पण घाबरल्यावर तोंडातून आईची भाषाच येते.

नवऱ्याला, दिराला किंवा त्यांच्या मित्राला दुभाषाचं काम करू देऊ नका. पोलीस अहवालात "पत्नीची तक्रार नाही" असं वाक्य येतं ते बहुतेकदा असंच. आणि तो अहवाल पुढे तुमच्याच अर्जासोबत वाचला जातो.

मी एच-४ वर आहे. घर सोडलं तर व्हिसा लगेच रद्द होतो का?

एच-४ म्हणजे एच-१बी या अमेरिकी नोकरीच्या व्हिसावर असलेल्या माणसाच्या जोडीदाराचा व्हिसा. वेगळं राहायला लागल्यानं एच-४ दर्जा संपत नाही. तो संपतो घटस्फोटाचा हुकूम झाल्यावर, किंवा तुमच्या आय-९४ वरची, म्हणजे देशात कधीपर्यंत राहता येईल हे सांगणाऱ्या प्रवेशाच्या नोंदीवरची, तारीख उलटल्यावर. नवऱ्याचा एच-१बी गेला तर साधारण ६० दिवसांची सवलत मिळते, आणि ती मुदत तुम्हालाही लागू होते. म्हणून आय-९४ ची प्रत अमेरिकी सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावरून स्वतः उतरवून घ्या आणि तारीख पाठ करा. पासपोर्टवर चिकटवलेल्या व्हिसाची तारीख ही ती तारीख नव्हे. ही गफलत फार होते.

एच-१बी धारकाच्या छळ झालेल्या जोडीदाराला नोकरीचा परवाना मागता येतो. त्यासाठी आय-७६५व्ही हा वेगळा फॉर्म २०१७ पासून आहे. अर्ज करताना तुम्ही अमेरिकेत असायला हव्यात. घटस्फोट झाला असेल तर तो अर्जाच्या आधीच्या २ वर्षांतला आणि छळाशी संबंधित असावा लागतो. मात्र हे नीट समजून घ्या : हा फक्त काम करण्याचा परवाना आहे. त्यानं देशात राहण्याचा दर्जा मिळत नाही. दर्जासाठी वकील दुसरी वाट शोधतात : विद्यार्थी व्हिसा, स्वतःच्या नोकरीवरचा एच-१बी, यू व्हिसा (त्याबद्दल पुढे वेगळा प्रश्न आहे), किंवा तात्पुरती मुदत मागणारा आय-५३९. आय-५३९ आय-९४ ची तारीख उलटण्याआधी दाखल व्हावा लागतो.

आणखी एक गोष्ट. नवऱ्याचं ग्रीन कार्ड येऊ घातलं असेल तर घटस्फोट आधी होतो की ग्रीन कार्ड आधी येतं यावर सगळं अवलंबून असतं. तुम्ही पत्नी असताना त्याला ग्रीन कार्ड मिळालं तर पुढच्या प्रश्नातली वाट खुली होते. काही नवरे हे ओळखून घटस्फोटाची घाई करतात. तेव्हा कुठल्याही संमतिपत्रावर सही करण्याआधी, त्याचा ग्रीन कार्डचा अर्ज कुठवर आला आहे हे तुमच्या वकिलाला सांगा.

नवरा अमेरिकी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आहे. त्याच्याशिवाय मला अर्ज करता येईल का?

येतो. स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्धच्या १९९४ च्या अमेरिकी कायद्यानं, म्हणजे व्हावानं, हा हक्क दिला आहे. फॉर्म आय-३६०. तो तुम्ही स्वतःच्या नावानं भरता, नवऱ्याची सही लागत नाही, आणि व्हावाखालच्या या अर्जाला सरकारी फी नाही. दाखवायचं ते एवढं : लग्न खरं होतं, दोघं एकत्र राहिलात, तो नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आहे, लग्नाच्या काळात मारहाण किंवा टोकाची क्रूरता झाली, आणि तुमची वर्तणूक चांगली आहे.

घटस्फोट झाल्यावरही २ वर्षांच्या आत अर्ज करता येतो, छळाचा आणि घटस्फोटाचा संबंध दाखवावा लागतो. अर्ज मंजूर होण्याआधी दुसरं लग्न केलं तर अर्ज बाद होतो. तेव्हा माहेरच्यांनी दुसऱ्या स्थळाची घाई करू नये.

वर्तणुकीसाठी मागच्या ३ वर्षांत जिथे जिथे ६ महिने किंवा जास्त राहिलात त्या प्रत्येक ठिकाणचा पोलीस दाखला जोडतात. लग्नाला फार दिवस झाले नसतील तर सोलापूरचाही लागतो. अमेरिकेत असाल तर भारतीय वाणिज्य दूतावासामार्फत पोलीस क्लिअरन्स मागता येतो. तपासणी सोलापूरच्या पत्त्यावर होते, त्यामुळे घरी कोणीतरी कागद दाखवायला असू द्या. पत्ता शहरात असेल तर पोलीस आयुक्तालयाची हद्द, बार्शी, पंढरपूर, सांगोला, अक्कलकोट वगैरे असेल तर ग्रामीण पोलिसांची. पत्ता अर्धवट लिहिला की पडताळणी एका हद्दीतून दुसऱ्या हद्दीत फिरत राहते.

फॉर्म भरायच्या दिवशी अमेरिकी इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावरूनच उतरवून घ्या. जुन्या आवृत्तीचा फॉर्म तसाच परत येतो. आणि अर्ज अर्धवट पुराव्यानिशी, घाईत टाकू नका. तो नाकारला गेला आणि तेव्हा तुमच्याकडे दुसरा वैध दर्जा नसेल तर हद्दपारीच्या सुनावणीची नोटीस निघू शकते.

नवऱ्याला या अर्जाचा पत्ता लागेल का?

इमिग्रेशन खात्याकडून नाही. व्हावा, यू व्हिसा अशा अर्जांची माहिती नवऱ्याला देण्यास अधिकाऱ्यांना कायद्यानं बंदी आहे, आणि केवळ त्यानं पुरवलेल्या माहितीवर तुमच्याविरुद्ध निर्णय घेता येत नाही. बातमी फुटते ती दुसरीकडून : घरच्या पत्त्यावर आलेलं पाकीट, सामायिक ईमेल, किंवा सोलापुरातला एखादा काका. अर्जात पत्रव्यवहारासाठी वकिलाचा किंवा संस्थेचा सुरक्षित पत्ता द्या, आणि नातेवाइकांपैकी किती जणांना सांगायचं हे आधी ठरवा. दोन पुरेत.

त्यानं कधी हात उगारला नाही. पण पैसे देत नाही, फोन तपासतो, घराबाहेर जाऊ देत नाही. हे छळात धरतात का?

धरतात. अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि आपला २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा, सगळीकडे मानसिक आणि आर्थिक छळाला जागा आहे. अडतं ते पुराव्यावर. व्हावा अर्जात कुठलाही विश्वासार्ह पुरावा विचारात घेतला जातो, पोलीस अहवाल असलाच पाहिजे असं नाही. पण मग तुमचा स्वतःचा लेखी जबाब सगळ्यात जड असतो, आणि बहुतेक अर्ज तिथेच कच्चे राहतात.

"तो मला खूप त्रास द्यायचा, नीट वागवायचा नाही" या वाक्यातून अधिकाऱ्याला काहीच दिसत नाही. हाच प्रसंग असा लिहावा. नमुना म्हणून : "२०२४ च्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या रात्री साधारण ९ वाजता मी आईशी व्हिडिओ कॉलवर बोलत होते. त्यानं फोन हिसकावून सिंकमधल्या पाण्यात टाकला आणि मराठीत म्हणाला, 'आता पोलिसांना कशानं बोलावतेस?' ओढाताणीत माझ्या उजव्या मनगटावर ओरखडा आला. दुसऱ्या दिवशी शेजारणीनं तो पाहून विचारलं. पुढचे दोन आठवडे माझ्याकडे फोन नव्हता, नवीन फोन मागितला तर नाही म्हणाला."

यात वेळ आहे, जागा आहे, त्याचे शब्द आहेत, इजा आहे, ती पाहणारी व्यक्ती आहे आणि त्यानंतर काय झालं तेही आहे. शिवी किंवा धमकी मूळ भाषेत लिहून खाली इंग्रजी अर्थ द्यावा. तारीख आठवत नसेल तर सणांवरून काढा : संक्रांत, गड्ड्याची यात्रा, गणपती, नवरात्र. त्या वर्षीचं कॅलेंडर पाहून महिना पक्का करा आणि "साधारण" हा शब्द ठेवा. तारीख ठोकून देऊ नका. पुढे बँकेच्या नोंदीशी किंवा तिकिटाशी ती जुळली नाही की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही शंका घेतात.

आईवडिलांनी व्हिडिओ कॉलवर जे स्वतः पाहिलं, ऐकलं त्याचा वेगळा जबाब करावा. मुलीनं सांगितलेलं आणि स्वतः पाहिलेलं यात गल्लत करू नये. व्हॉट्सॲपचं संभाषण नुसते स्क्रीनशॉट न काढता संपूर्ण एक्सपोर्ट करा आणि ज्या फोनमध्ये ते आहे तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. भारतातल्या कोर्टात हेच वापरायचं झालं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ फोन नसला की तिथे अडचण येते.

माझं ग्रीन कार्ड फक्त २ वर्षांचं आहे. पुढच्या अर्जावर तो सही करणार नाही म्हणतो.

सही नकोच. ग्रीन कार्ड मिळतेवेळी लग्नाला २ वर्षं झाली नसतील तर ते सशर्त असतं आणि अट काढण्यासाठी दोघांनी मिळून आय-७५१ भरायचा असतो. छळ झाला असेल तर हाच फॉर्म तुम्ही एकटीनं, सवलत मागून भरू शकता. घटस्फोट पूर्ण झालेला असण्याची गरज नाही, आणि मुदत संपायच्या आधीच्या ९० दिवसांची वाट पाहण्याचीही गरज नाही.

यू व्हिसा म्हणजे काय?

गुन्ह्याला बळी पडलेल्या आणि तपासात पोलिसांना मदत करणाऱ्या व्यक्तीसाठी २००० सालच्या कायद्यानं आलेला व्हिसा. नवरा कुठल्या व्हिसावर आहे याला इथे महत्त्व नाही, म्हणून एच-१बी वाल्यांच्या बायकांना तो जवळचा. पोलीस, सरकारी वकील किंवा न्यायाधीशाची सही असलेलं प्रमाणपत्र लागतं, आणि सहीनंतर ६ महिन्यांच्या आत अर्ज दाखल करावा लागतो. ते देणं न देणं त्या कार्यालयाच्या मर्जीवर असतं. वर्षाला मुख्य अर्जदारांना फक्त १०,००० व्हिसे मिळतात, त्यामुळे रांग कित्येक वर्षांची आहे. प्राथमिक छाननीत अर्ज खरा ठरला तर दरम्यान नोकरीचा परवाना मिळू शकतो. भारतात परतल्यावरही हा अर्ज करता येतो, ही बाब फार थोड्यांना माहीत असते.

इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जर्मनीत काय सोय आहे?

इंग्लंडमध्ये नवरा ब्रिटिश नागरिक किंवा कायमचा रहिवासी असेल आणि छळामुळे संसार मोडला असेल तर तुम्हाला कायमच्या वास्तव्याचा अर्ज स्वतंत्रपणे करता येतो. हातात पैसे नसतील तर आधी ३ महिन्यांची सवलत मागता येते. तिच्यात सरकारी मदत घेण्याची मुभा असते, आणि त्या ३ महिन्यांत मुख्य अर्ज टाकायचा. बायकोला भारतात आणून सोडून देण्याचे प्रकार इतके झाले की ३१ जानेवारी २०२४ पासून अशा स्त्रीला बाहेरून अर्ज करून परत येण्याची वाट नियमांतच ठेवली आहे. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ही लंडनची संस्था १९७९ पासून दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी हे काम करते.

कॅनडात २६ जुलै २०१९ पासून कौटुंबिक हिंसाचार झालेल्यांसाठी निःशुल्क तात्पुरता वास्तव्य परवाना आहे, किमान ६ महिन्यांचा. त्यासोबत नोकरीचा परवाना मागता येतो. ऑस्ट्रेलियात पार्टनर व्हिसाचा अर्ज झालेला असेल तर संसार मोडल्यावरही कौटुंबिक हिंसाचाराच्या तरतुदीखाली कायमचा व्हिसा मिळू शकतो. जर्मनीत जोडीदाराला स्वतंत्र परवान्यासाठी साधारणपणे ३ वर्षं एकत्र संसार झालेला लागतो, पण छळ झाला असेल तर ही अट शिथिल होते. परदेशी नागरिक कार्यालयात ती मागणी लेखी करावी लागते.

मुलगी आखातात आहे. तिथे काय?

तिथे बायकोचा वास्तव्य परवाना बहुधा नवऱ्याच्या नावावर असतो आणि तो रद्द करून घेऊ शकतो. म्हणून पहिला फोन भारतीय दूतावासाला. निवारा, दुभाषा, वकील, तिकीट यांसाठी दूतावासाकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो. पासपोर्ट नसेल तर भारतात परतण्यापुरतं आपत्कालीन प्रमाणपत्र तिथेच मिळतं. सोलापुरातून घरच्यांनी परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार नोंदवावी आणि तिचा क्रमांक जपून ठेवावा.

"सणाला जाऊन येऊ" म्हणून नवऱ्यानं सोलापूरला आणलं, पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड घेऊन एकटाच परत गेला. आता?

पहिल्या आठवड्यात दोन कामं करा. एक, पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. त्यात "पासपोर्ट हरवला" असं लिहू नका, "नवऱ्यानं नेला" असंच लिहा. पासपोर्ट कायद्यानुसार पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, नवऱ्याची नाही. दोन, नवीन पासपोर्टसाठी अर्ज करा. सोलापूर पुणे विभागीय पासपोर्ट कार्यालयाच्या अखत्यारीत येतं आणि शहरात पासपोर्ट सेवा केंद्र आहे. तक्रारीची प्रत आणि परिशिष्ट एफ चं प्रतिज्ञापत्र सोबत न्या. वेगळ्या राहणाऱ्या स्त्रीला अर्जात नवऱ्याचं नाव देण्याची सक्ती नाही, आणि विवाह दाखल्याचीही नाही. डिसेंबर २०१६ पासून हा नियम आहे. काउंटरवर कोणी मागितलंच तर शांतपणे हे सांगा.

ग्रीन कार्ड असेल तर तारीख मोजा. अमेरिका सोडून १ वर्ष व्हायच्या आत मुंबईच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात आय-१३१ए भरून विमानात बसण्यापुरतं कागदपत्र घेता येतं. वर्ष उलटलं की रिटर्निंग रेसिडेंट व्हिसा मागावा लागतो आणि उशीर तुमच्या हाताबाहेरच्या कारणानं झाला हे सिद्ध करावं लागतं. सासरचे "समजूत काढू, थोडं थांब" म्हणत ११ महिने काढतात, ते यासाठीच. समजुतीच्या बैठका चालू राहू द्या, पण मुंबईचं काम त्यांच्यासाठी थांबवू नका. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसनं गेलं तर सकाळी दूतावासाची वेळ गाठता येते.

एच-४ वर असाल तर परतणं अवघड आहे, कारण तो व्हिसा नवऱ्याच्या नोकरीशी आणि लग्नाशी बांधलेला आहे. पण छळ अमेरिकेत झाला असेल तर यू व्हिसाची वाट इथूनही खुली असते, आणि नवरा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल तर आय-३६० सुद्धा बाहेरून भरता येतो.

आम्ही आईवडील आहोत. तिला सरळ "निघून ये" म्हणावं असं वाटतं.

वाटणारच. जीव धोक्यात असेल तर जरूर म्हणा. पण ती निवाऱ्यात सुरक्षित असेल तर एका वकिलाचा फोन होईपर्यंत तिकीट काढू नका. आय-७६५व्ही अमेरिकेत असतानाच भरता येतो. आय-९४ ची तारीख उलटून १८० दिवसांपेक्षा जास्त राहिली असेल तर देश सोडताच ३ वर्षांची, आणि वर्ष उलटलं असेल तर १० वर्षांची प्रवेशबंदी लागू शकते. मूल सोबत असेल तर प्रश्न आणखी गंभीर होतो, तो पुढे आहे. त्या दिवसांत तिला तुमच्याकडून हवं असतं ते असं : रोज ठरलेल्या वेळी फोन, थोडे पैसे तिच्या एकटीच्या खात्यात, आणि "लोक काय म्हणतील" हे वाक्य न ऐकवणं.

छळ तिकडे झाला. सोलापुरात केस करता येते का?

येते. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २७ नुसार तुम्ही कायमच्या किंवा तात्पुरत्या जिथे राहता तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, म्हणजे माहेर सोलापुरात असेल तर सोलापुरात. संरक्षण, राहण्याची जागा, खर्च, मुलांचा ताबा, नुकसानभरपाई आणि स्त्रीधन परत मिळणं, हे सगळं एकाच अर्जात मागता येतं. पहिली तारीख सहसा ३ दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात नवरा परदेशात असला की समन्स बजावण्यातच महिने जातात. म्हणून त्याचे सगळे पत्ते, ईमेल, व्हॉट्सॲप क्रमांक, कंपनीचं नाव अर्जातच द्या, ईमेल आणि व्हॉट्सॲपवर समन्स पाठवण्याची परवानगी मागा, आणि कलम २३ खाली अंतरिम हुकुमाचा अर्ज पहिल्याच दिवशी लावा. दागिने सासूच्या लॉकरमध्ये असतील तर सासूलाही पक्षकार करा. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनुसार स्त्री नातेवाइकांविरुद्धही हा अर्ज चालतो.

फौजदारी तक्रार वेगळी. १ जुलै २०२४ च्या आधीच्या घटनांना भारतीय दंड संहितेचं कलम ४९८-अ, नंतरच्यांना भारतीय न्याय संहितेची कलमं ८५ आणि ८६. छळामुळे माहेरी आलेल्या स्त्रीला माहेरच्या ठाण्यात तक्रार देता येते, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. "जिथे घडलं तिथे जा" म्हणून परत पाठवलं तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न पाहता कुठल्याही ठाण्यात नोंदवायचा गुन्हा, मागा. सगळ्याच घटना परदेशातल्या असतील तर खटला चालवण्याआधी केंद्र सरकारची मंजुरी लागते. काही भाग भारतात घडला असेल, म्हणजे साखरपुड्यात केलेली मागणी, लग्नानंतर सासूनं ठेवून घेतलेले दागिने, माहेरच्या खात्यातून मागवलेले पैसे, तर ही अडचण येत नाही. तेव्हा सोलापुरातल्या घटना तारीख-ठिकाणासह वेगळ्या परिच्छेदात लिहा. आणि शेवटच्या घटनेपासून ३ वर्षांच्या आत तक्रार व्हायला हवी.

एफआयआरमधल्या आणि तिकडच्या अर्जातल्या तारखा एकच असू द्या. ठाण्यात गुन्हा जड दिसावा म्हणून कोणी न घडलेली मारहाण घालायला सुचवलं तर नकार द्या. तीच ओळ इंग्रजीत भाषांतर होऊन इमिग्रेशन अधिकाऱ्यासमोर जाते.

पासपोर्ट जप्ती आणि लुकआउट सर्क्युलर (विमानतळावर अडवण्यासाठीची सूचना) ही हत्यारं आहेत, पण ती कधी वापरायची हे विचारपूर्वक ठरवा. लुकआउट निघाल्याचा सुगावा लागला की नवरा भारतात यायचंच टाळतो, आणि परदेशात नोकरी गेली तर पोटगी कशातून देणार हाही प्रश्न आहे. राष्ट्रीय महिला आयोगाचा अनिवासी भारतीय विवाह कक्ष २००९ पासून आहे. तिथेही ऑनलाइन तक्रार करून ठेवावी.

बैठकीत फारकत लिहून द्यायला सांगतायत. किंवा तिकडून घटस्फोटाची नोटीस आली आहे.

स्टॅम्प पेपरवर नोटरीसमोर लिहिलेली फारकत म्हणजे हिंदू विवाह कायद्याखालचा घटस्फोट नव्हे. जातीची जुनी रूढी कोर्टात सिद्ध झाली तरच ती टिकते. पण त्या कागदावरची तुमची सही मात्र सगळीकडे दाखवली जाते. "स्वखुशीनं वेगळी होत आहे, कोणतीही तक्रार नाही" हे वाक्य त्यात हमखास असतं, आणि छळाच्या अर्जाला तेच बाधतं.

परदेशी कोर्टाची नोटीस आली तर गप्प बसू नका आणि वकिलाला न विचारता उत्तरही देऊ नका. हजर झालात तर त्या कोर्टाचा अधिकार मान्य केला असं धरलं जाऊ शकतं. अजिबात लक्ष दिलं नाही तर एकतर्फी निकाल लागतो. १९९१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे की इथल्या विवाह कायद्यात नसलेल्या कारणावर दिलेला आणि पत्नीनं मान्य न केलेला परदेशी घटस्फोट भारतात बंधनकारक नाही. पण तिकडे तो बंधनकारक राहतो, एच-४ संपतो आणि व्हावाची २ वर्षं मोजायला सुरुवात होते. म्हणून या नोटिशीसाठी दोन वकील लागतात, इकडचा आणि तिकडचा, आणि त्यांनी एकमेकांशी बोलायला हवं.

मुलाला घेऊन सोलापूरला येऊ का?

तिथल्या कोर्टाच्या किंवा नवऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय नको. अमेरिकेत तो गुन्हा ठरू शकतो आणि तुम्हाला परत जाणं अशक्य होतं. भारत १९८० च्या हेग मुलांच्या अपहरण कराराचा सदस्य नाही, हे खरं. इथलं कोर्ट मुलाचं हित पाहून ठरवतं, हेही खरं. पण "भारतात गेलं की काही होत नाही" हा सल्ला धोक्याचा आहे. त्यापेक्षा तिथेच संरक्षण आदेशासोबत तात्पुरता ताबा आणि प्रवासाची परवानगी मागा. भारतात मुलाचा पासपोर्ट काढताना वडिलांची संमती मिळत नसेल तर परिशिष्ट सी भरावं लागतं.

कागदपत्रांत नेहमी कुठे अडतं?

नावात. लग्नात नाव बदललं, आधारवर माहेरचं, पासपोर्टवर सासरचं, दाखल्यावर तिसरंच. मधलं नाव आधी वडिलांचं, मग नवऱ्याचं. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग शाळेच्या दाखल्यात एक आणि पॅनवर दुसरं. परदेशी अधिकाऱ्याला या दोन वेगळ्या बायका वाटतात. सगळी नावं एका प्रतिज्ञापत्रात "ही एकच व्यक्ती" म्हणून लिहून अर्जाच्या सुरुवातीलाच जोडा.

विवाह नोंदणी झाली नसेल तर ती करून घ्या, शहरात महापालिकेकडे, गावात ग्रामपंचायतीकडे. नोंदणीला नवऱ्याची सही लागते आणि ती मिळत नसेल तर लग्नपत्रिका, फोटो, भटजींचं आणि हजर नातेवाइकांचं प्रतिज्ञापत्र हा पुरावा धरतात. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये किंवा खासगी दवाखान्यात उपचार घेतले असतील तर केसपेपर मागून घ्या.

मराठी कागदाचं पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं, सारांश चालत नाही. शिक्के, समासातल्या नोंदी, हस्ताक्षरातल्या ओळीसुद्धा भाषांतरात याव्या लागतात. अमेरिकेसाठी भाषांतरकारानं "मला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर अचूक आहे" असं लिहून नाव, सही, पत्ता, तारीख द्यायची. नोटरी किंवा अपोस्टिलची (परदेशात चालणाऱ्या सरकारी प्रमाणन शिक्क्याची) गरज नाही, त्यावर पैसे घालवू नका. भाषांतर शक्यतो नात्याबाहेरच्या माणसाकडून घ्या.

परदेशातून माहेरच्यांना मुखत्यारपत्र द्यायचं असेल तर ते भारतीय दूतावासात साक्षांकित करा आणि भारतात पोहोचल्यापासून ३ महिन्यांत इथला मुद्रांक भरा.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

भारतात स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२. सोलापूर जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात साधा अर्ज करा, तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते, हेल्पलाइन १५१००. महिला हेल्पलाइन १८१. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये समुपदेशन, पोलीस आणि कायद्याची मदत आणि थोड्या दिवसांचा निवारा एकाच जागी मिळतो. हे सगळं भारतातल्या कामासाठी आहे. परदेशी व्हिसाचा फॉर्म इथले वकील भरून देऊ शकत नाहीत, आणि "अमेरिकेचं पण मीच बघतो" असं कोणी म्हणालं तर सावध व्हा.

अमेरिकेत न्यू जर्सीत मानवी, न्यूयॉर्कमध्ये सखी, कॅलिफोर्नियात मैत्री या दक्षिण आशियाई स्त्रियांसाठीच्या जुन्या संस्था आहेत, त्या मोफत किंवा कमी खर्चाच्या वकिलापर्यंत पोहोचवतात. न्यूयॉर्कची सखी आणि आपलं सरकारी सखी केंद्र यांचा एकमेकांशी संबंध नाही. इमिग्रेशनचं काम फक्त परवानाधारक वकील किंवा अमेरिकी न्याय खात्यानं मान्यता दिलेला प्रतिनिधीच करू शकतो. व्हिसा एजंट, नोटरी किंवा देवळात भेटलेले ओळखीचे गृहस्थ नव्हेत. कोऱ्या फॉर्मवर सही मागणाऱ्याकडून लगेच उठून या.

वकिलाशी पहिला फोन होणार आहे. काय तयार ठेवायचं?

एका कागदावर पाच तारखा : लग्न, परदेशात पहिला प्रवेश, आय-९४ किंवा परवान्याची शेवटची तारीख, छळाची अगदी अलीकडची घटना, आणि घटस्फोटाचा अर्ज कुठे झाला असेल तर त्याची. नवऱ्याचा व्हिसा कोणता, ग्रीन कार्डचा अर्ज झाला आहे का, मुलं कोणत्या देशात जन्मली, पोलीस कधी आले होते का. कुठल्या कागदावर सही केली असेल तर ते आधी सांगा, लाजू नका. वकिलाला हे उशिरा कळलं की नुकसान तुमचंच होतं. सोलापूरहून घरचे फोनवर सामील होणार असतील तर उन्हाळ्यात इथले रात्रीचे ८ म्हणजे न्यूयॉर्कला सकाळचे साडेदहा, कॅलिफोर्नियात साडेसात. नोव्हेंबर ते मार्च दोन्हीकडे एक तास मागे धरा.